क्रॅश बँडिकूट परत परत दरीत पडतोय? या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता आमच्याकडे, बारावीचं वर्ष म्हणून बहिणीने त्याचा फोन काढून घेतला होता पण माझ्या पीएस ४ गेम कन्सोलबद्दल ती काही बोलली नव्हती, त्यामुळे साहेब सकाळी दात घासायच्या आधीच हॉलमध्ये. दुसऱ्या दिवशी दुपारी आतून आवाज आला, "मामा, तुझा गेम बिघडलाय." गेम म्हणजे क्रॅश बँडिकूट एन. सेन ट्रिलॉजी. मी जाऊन बघितलं तर रोड टू नोव्हेअर नावाची लेव्हल चालू, तो तुटका झुलता पूल, आणि हा पठ्ठ्या एकाच फळीवरून दहाव्यांदा खाली. म्हटलं आण इकडे, पंचवीस वर्षं खेळतोय मी हे. घेतला कंट्रोलर आणि त्याच फळीवरून मीही खाली गेलो. भाचा काही बोलला नाही, नुसता बघत होता, ते जास्त लागलं.

तर हा लेख त्या दुपारीतून निघालाय. गेम बिघडलेला नाहीये, पण त्याचं म्हणणं अगदी खोटंही नव्हतं. या गेममध्ये काही मृत्यू आपल्या चुकीने होतात आणि काही गेमच्या चुकीने, आणि कुठला कुणाचा हे कळलं नाही तर माणूस एकतर स्वतःलाच शिव्या घालतो नाहीतर कंट्रोलर सोफ्यावर फेकतो.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ क्रॅश बँडिकूट आला १९९६ साली, पहिल्या प्लेस्टेशनवर, नॉटी डॉग कंपनीचा. मग ९७ ला दुसरा भाग, ९८ ला तिसरा, ज्याला वॉर्प्ड म्हणतात. २०१७ च्या जूनमध्ये ॲक्टिव्हिजनने हे तिन्ही गेम नव्याने बनवून एकत्र आणले, काम केलं व्हिकेरियस व्हिजन्स नावाच्या स्टुडिओने, आणि वर्षभराने पीसी, स्विच आणि एक्सबॉक्सवरही आले. आणि हो, बँडिकूट म्हणजे काय असं भाच्याने विचारलं. हा ऑस्ट्रेलियातला पोटाला पिशवी असलेला लहान प्राणी, पण शब्द मूळचा आपल्याकडचा, तेलुगूतल्या पंदिकोक्कूवरून इंग्रजांनी उचललेला, आणि तो पंदिकोक्कू म्हणजे आपली घूस. मोरीत निघते ती. तेव्हापासून घरात या गेमचं नाव "घुशीचा गेम" पडलंय.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: तिन्ही गेममध्ये उडी सारखीच आहे असं समजणं

ही चूक जुने खेळाडू जास्त करतात, नवीन कमी. आपल्या बोटांत जुनी उडी बसलेली असते ना, ती इथे चालत नाही. गेम आल्यावर महिनाभरातच लोकांची ओरड सुरू झाली की पहिला भाग आधीपेक्षा अवघड झालाय, काहीतरी वेगळं वाटतंय. आणि मग बनवणाऱ्यांकडून खुलासा आला की हाताळणीसाठी त्यांनी तिसऱ्या भागाची, म्हणजे वॉर्प्डची पद्धत पाया म्हणून घेतली आणि मग प्रत्येक गेमसाठी थोडी थोडी जुळवली, आणि पहिल्या भागात उड्या वॉर्प्डपेक्षा जास्त नेमक्या माराव्या लागतील.

आता यातली मेख बघा. वॉर्प्डच्या लेव्हल बनल्या १९९८ ला, तेव्हा क्रॅशकडे घसरणं होतं, पोटावर आपटणं होतं, पुढे पुढे दुहेरी उडी मिळायची, त्यामुळे खड्डे त्या हिशोबाने खणलेले. पहिल्या भागाच्या लेव्हल मात्र १९९६ च्या, तिथे क्रॅशला फक्त दोन गोष्टी येतात, उडी आणि गिरकी, बाकी काही नाही. म्हणजे जुनं घर तसंच ठेवून आत नवीन माणूस राहायला आणला, आणि दाराची उंची त्याच्या डोक्याला लागतेय असं झालंय. उडी थोडी लवकर संपते, माणूस खाली पटकन येतो, आणि जिथे जुन्या गेममध्ये वीतभर जागा शिल्लक असायची तिथे आता बोटभर उरते.

उपाय काय? उडीचं बटण टॅप करायचं नाही, दाबून धरायचं. जितका वेळ दाबाल तितकी उडी उंच जाते, आणि पहिल्या भागात लांब खड्ड्यावर अर्धी उडी म्हणजे गेलात. हे वाचायला बावळट वाटतं पण भाचा नेमकं हेच करत होता, मोबाईलवरच्या गेमची सवय, टॅप टॅप टॅप. त्याला पहिल्या बीचवर, एन. सॅनिटी बीचवर परत पाठवलं आणि म्हटलं दहा मिनिटं पुढे जायचंच नाही, नुसत्या उड्या मार, छोटी, मधली, पूर्ण. वैतागला, पण केलं.

कडेवर उभं राहून उडी मारणं

हे खरं तर वरच्याचंच धाकटं भावंड आहे पण याने जास्त लोक मरतात म्हणून वेगळं लिहितो. आपण सगळे कुठलाही उड्यांचा गेम खेळताना काय करतो, अगदी शेवटच्या टोकापर्यंत जातो आणि मग झेप घेतो, म्हणजे पल्ला जास्त मिळेल. जुन्या क्रॅशमध्ये हे चालायचं, बूट अर्धा हवेत असला तरी तो उभा राहायचा. नव्यात धडक ओळखायची पद्धत बदलली, बनवणाऱ्यांनीच सांगितलं होतं की काही ठिकाणी कडेवर तो उभा न राहता घसरेल. खेळणाऱ्यांनी उकरून काढलं ते असं की क्रॅशच्या भोवतीचा जो न दिसणारा साचा असतो तो आता गोळीसारखा आहे, औषधाच्या कॅप्सूलसारखा, खालून गोल. गोल बुडाची वाटी टेबलाच्या कडेवर ठेवून बघा. तेच.

यामुळे दोन बाजूंनी मार बसतो. उडी मारताना अगदी टोकावर गेलात तर बटण दाबायच्या आतच पाय घसरलेला असतो, तुम्हाला वाटतं मी दाबलं होतं, आणि तुम्ही खरंच दाबलं होतं पण अर्धा क्षण उशिरा. आणि उतरताना पलीकडच्या कडेला नुसता स्पर्श झाला तर जुना क्रॅश वर चढायचा, हा गोल बुडाचा खाली ओघळतो. डोळ्याला दिसतं की पाय टेकला, आणि तरी मेला. हे मृत्यू गेमचे. यात तुमची चूक नाही, पण ते माहिती असूनही परत तेच केलं तर मग तुमचीच.

म्हणून कडेच्या अर्धं पाऊल आधी उडी मारायची, आणि नजर पलीकडच्या कडेवर नाही तर फळीच्या किंवा दगडाच्या मधोमध ठेवायची. मध्यावर उतरायला गेलात तर चुकलात तरी कडेवर उतरता, कडेवर उतरायला गेलात तर चुकल्यावर कुठे उतरणार ते सांगायला नको.

काडीने खेळणं, जिथे फुली हवी

कंट्रोलरवरची ती गोल फिरणारी ॲनालॉग काडी सगळ्यांना आवडते, मलाही. पण विचार करा, १९९६ ला हा गेम आला तेव्हा प्लेस्टेशनच्या साध्या कंट्रोलरवर काडी नव्हतीच, ड्युअलशॉक आला त्यानंतर वर्षभराने. म्हणजे पहिल्या भागाची प्रत्येक अरुंद वाट, प्रत्येक सरळ पूल फुलीसाठी, म्हणजे दिशेच्या चार बटणांसाठी (उडीचं एक्स बटण नव्हे) आखलेला आहे, वर खाली डावं उजवं, बास. काडीने सरळ जातोय असं वाटतं पण अंगठा दोन अंश तिरका असतोच, आणि पाच फळ्या ओलांडेपर्यंत तुम्ही पुलाच्या डाव्या दोरीजवळ पोचलेले असता.

एन. सेन मध्ये फुली चालते. पुलांवर, आत बाहेर होणाऱ्या पायऱ्यांवर, जिथे जिथे वाट सरळ आणि बारीक आहे तिथे फुली. मोकळ्या जागेत, शत्रूला वळसा घालताना काडी. खेळता खेळता अंगठा इकडून तिकडे न्यायची सवय लागायला एक संध्याकाळ जाते, त्यानंतर कळतही नाही. भाच्याला हे सांगितलं तेव्हा म्हणाला, "हे तर चीटिंगसारखं वाटतंय." म्हटलं बाळा, तू जन्मायच्या आधी हेच मूळ होतं.

मधेच एक: आधी टीव्ही तपासा

हे सगळं करूनही उडी उशिराच होतेय असं वाटत असेल तर दोष टीव्हीत असू शकतो. हल्लीचे मोठे टीव्ही चित्र सुंदर करायच्या नादात ते दाखवायला उशीर लावतात. सेटिंगमध्ये गेम मोड नावाचा पर्याय असतो, तो चालू करा, आणि चित्र गुळगुळीत करणारे जे काही आहेत ते बंद. आवाजासाठी ब्लूटूथ इयरफोन लावले असतील तर आवाजही मागे पडतो, आणि क्रॅशमध्ये टाइमिंग अर्धं कानाने धरायचं असतं. आणखी एक, पीएस ४ वर हा गेम सेकंदाला ३० फ्रेमने, म्हणजे ३० चित्रांनी चालतो, पीसीवर ६० मिळतात, तेव्हा बरा पीसी घरात असेल तर तिथे घ्या, उड्यांच्या गेममध्ये हा फरक बोटांना जाणवतो.

क्रॅशकडे बघत बसणं

तिन्ही बाजूंना हलता येणाऱ्या गेमचा जुना रोग म्हणजे खोली कळत नाही. टीव्ही सपाट, त्यावर पुढे किती मागे किती हे डोळा अंदाजाने ठरवतो. नॉटी डॉगचे अँडी गॅव्हिन आणि जेसन रुबिन १९९४ ला बॉस्टनहून लॉस एंजेलिसला गाडीने निघाले होते, तेव्हा वाटेत ही कल्पना निघाली की सोनिकसारखा पळापळीचा गेम मागून दिसला तर कसा दिसेल, आणि मग आपल्याला सारखं त्याचं बूडच दिसणार म्हणून ते थट्टेने त्याला सोनिकच्या बुडाचा गेम म्हणायचे. हसायला ठीक आहे, पण मागून बघण्याची अडचण त्यांना पहिल्या दिवसापासून माहिती होती. कॅमेरा आपल्या हातात नाही, तो रुळावरून चालल्यासारखा ठरलेल्या वाटेने सरकतो. मला विचाराल तर ही या गेमची ताकदच आहे, कारण कॅमेरा फिरवत बसायची कटकट नाही, आणि बनवणाऱ्याला जे दाखवायचंय तेच दिसतं. पण उडी आडवी नसून आत, पडद्याच्या दिशेने असेल तेव्हा याच ताकदीचा काच होतो.

मग बघायचं कुठे? सावलीकडे. हवेत असताना क्रॅशच्या बरोब्बर खाली सावली पडते, ती जिथे आहे तिथे तुम्ही उतरणार. सावली दगडावर आली की मग पुढे रेटायचं थांबवा. खड्ड्यावर सावलीचा काही उपयोग होत नाही हे खरं, पण शेवटच्या क्षणी, पलीकडच्या जागेवर ती दिसते आणि तेवढा क्षण पुरतो. २०२० ला जो चौथा भाग आला त्यात तर सावलीभोवती ठळक कडं दाखवायची सोयच दिली, म्हणजे ही अडचण त्यांनीही मान्य केली असं मी समजतो.

आणि मागे जाऊन राहिलेली पेटी फोडायचा मोह आवरा. मागे जाणं म्हणजे कॅमेऱ्याकडे तोंड करून चालणं, पुढचा खड्डा पडद्याच्या खाली लपलेला. बोल्डर्स लेव्हलमध्ये मोठा दगड मागे लागतो आणि आपण पडद्याकडे पळतो तिथे ही गंमत मुद्दाम केलीय आणि ती भारी आहे, पण शांत लेव्हलमध्ये एका सफरचंदासारख्या फळासाठी उलटं चालून मरणं यात काही गंमत नाही. त्या फळाला वुम्पा म्हणतात, शंभर जमवली की एक जीव मिळतो, एकासाठी एक जीव द्यायचा नसतो.

पूल: इथे जरा थांबून बोलू

रोड टू नोव्हेअर आणि त्याचा मोठा भाऊ द हाय रोड. ट्रिलॉजी विकत घेऊन ज्यांनी कायमची ठेवून दिली त्यातले बरेच या दोनपैकी एका पुलावर थांबलेत असा माझा अंदाज आहे. धुकं, खाली काही दिसत नाही, काही फळ्या पाय ठेवला की पडतात, समोरून रानडुकरं, हाय रोडवर कासवं आणि त्या कासवांना उलटं करून त्यांच्या पोटावरून उंच उसळी मारून पुढच्या फळीवर जायचं. गोल बुडाचा क्रॅश, बारीक फळी, आत जाणारी उडी, वर सांगितलेले सगळे दोष एका ठिकाणी गोळा झालेत, जणू कुणीतरी यादी करून लेव्हल बनवलीय.

इथली चूक म्हणजे घाई. पडणारी फळी बघितली की हात घाबरतो आणि लगेच पुढची उडी मारतो, ती अर्धी जाते. पडणारी फळी लगेच पडत नाही, तुम्हाला एक श्वास मिळतो. त्या श्वासात फुलीवरचा अंगठा सरळ करायचा आणि मग पूर्ण उडी. कासवाच्या बाबतीत उलट, तिथे थांबायचं असतं, कासव उलटं झाल्यावर नीट मध्यावर उडी आणि बटण सोडायचं नाही, सोडलंत तर उसळी अपुरी पडते.

आणि आता ती गोष्ट. पुलाच्या दोन्ही बाजूंना दोर आहेत ना, धरायला असतात तसे. त्यावर उभं राहता येतं. उडी मारून दोरावर चढायचं आणि डोंबाऱ्यासारखं सरळ चालत सुटायचं, खाली फळ्या पडोत नाहीतर राहोत. हे जुन्या गेममध्ये होतं आणि नव्यातही चालतं. दोरावर चढताना दोन चार वेळा घसराल, त्या कॅप्सूलमुळे, पण एकदा चढलात की फुली पुढे दाबून धरा आणि बाजूचं बटण चुकूनही नको. यात पेट्या राहून जातात, म्हणजे सगळ्या फोडल्यावर मिळणारा हिरा मिळणार नाही, पण नुसतं पार व्हायचं असेल तर लाज वाटून घेऊ नका. मी १९९९ ला डोंबिवलीतल्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये तासाच्या हिशोबाने पैसे देऊन खेळायचो, तिथे एका मोठ्या मुलाने मला हा दोर दाखवला होता आणि बदल्यात माझी पंधरा मिनिटं खेळून घेतली होती. आजही वाटतं स्वस्तात पडलं.

सतत पळत राहणं

नवीन पोरं हा गेम पळायचा आहे असं धरून चालतात, सबवेवर पळणाऱ्या मोबाईल गेमसारखं. तसा नाहीये. क्रॅश हा तालाचा गेम आहे. स्लिपरी क्लाइंब ही लेव्हल बघा, पाऊस, उंच किल्ला, भिंतीतून आत बाहेर सरकणाऱ्या पायऱ्या. तिथे पहिल्यांदा गेलात की काही न करता उभं राहा आणि दोन फेऱ्या नुसत्या बघा. कुठली पायरी कधी बाहेर येते, पुढची केव्हा, तोंडाने मोजा, एक दोन तीन. मग जा. पायरी बाहेर आलेली दिसली म्हणून उडी मारायची नाही, ती बाहेर येत असताना मारायची, म्हणजे पोचाल तेव्हा ती पूर्ण बाहेर असते आणि पुढच्या उडीला वेळ उरतो.

याच पद्धतीची स्टॉर्मी असेंट नावाची लेव्हल १९९६ लाच बनली होती, पण फार अवघड म्हणून गेममधून काढली. २०१७ ला ती एन. सेन मध्ये परत आणली. ज्याला बनवणाऱ्यांनीच घाबरून बाहेर ठेवलं ती लेव्हल पहिल्या आठवड्यात उघडायची चूक करू नका, ती यादीत दिसते म्हणून बोट जातं.

लाइट्स आउट हा याला अपवाद. अंधारी लेव्हल, अकू अकू नावाचा क्रॅशला एका फटक्यातून वाचवणारा मुखवटा घेतला की त्याचा उजेड पडतो आणि थोड्या वेळाने विझतो, तिथे विचार करत उभं राहिलात तर अंधारात उभे राहाल. तिथे पळायचं.

पेट्या आणि हिऱ्यांचा घोळ

लोक पहिल्या लेव्हलपासून सगळ्या पेट्या फोडायला जातात, शेवटी सातआठ राहतात, परत करतात, परत राहतात, आणि वैतागून सोडतात. राहतात कारण काही पेट्या त्यावेळी मिळणंच शक्य नसतं. लेव्हलमध्ये कुठे रंगीत हिऱ्याची नुसती रेघेची आकृती दिसली, तर समजायचं की त्या रंगाचा हिरा दुसऱ्या लेव्हलमधून आणल्यावर इथे पाय ठेवायला पाट तयार होणार आणि त्या पेट्या तिकडे आहेत. सोडा आणि पुढे जा.

साधा पांढरा हिरा आणि रंगीत हिरा यांचे नियमही वेगळे आहेत. १९९६ च्या गेममध्ये पहिल्या भागात कुठलाही हिरा हवा तर लेव्हलमध्ये एकदाही न मरता सगळ्या पेट्या फोडायला लागायच्या, रानटीपणा होता तो. नव्यात साध्या हिऱ्यासाठी मेलात तरी चालतं, फक्त रंगीत सहा हिऱ्यांसाठी न मरण्याची अट ठेवलीय. लॉस्ट सिटीमध्ये हिरवा, स्लिपरी क्लाइंबमध्ये लाल, द लॅबमध्ये पिवळा वगैरे. भाचा प्रत्येक लेव्हलमध्ये एकदा मेला की पॉज करून रीस्टार्ट करत होता, उगाच, कुणीतरी व्हिडिओत जुना नियम सांगितला होता. ही सवय असेल तर आजच सोडा, कितीतरी तास वाचतील.

टीएनटीच्या लाल पेटीला गिरकी मारायची नाही, वरून उडी मारून लांब व्हायचं, तीन आकडे मोजून ती फुटते. दुसऱ्या भागापासून हिरव्या नायट्रो पेट्या येतात, त्यांना स्पर्शही नको, पण मोजणीत त्या धरतात, त्या फोडायला लेव्हलच्या शेवटाकडे उद्गारचिन्हाची हिरवी पेटी असते, ती विसरून लोक बाहेर पडतात. आणि दुसऱ्या भागाची पहिलीच लेव्हल टर्टल वुड्स, तिचा निळा हिरा मिळतो एकही पेटी न फोडता शेवटाला गेल्यावर. चेकपॉइंटची पेटीसुद्धा नाही. ज्याने ही अट ठेवली त्याला मी मानतो, पेट्या फोडायच्या गेममध्ये पेटी न फोडण्याचं बक्षीस.

जीव जपून वापरणं

जीव साठवून कुठे न्यायचेत? सगळे संपले तर चेकपॉइंट, म्हणजे मेल्यावर परत सुरू व्हायची मधली जागा, जातो आणि लेव्हल पहिल्यापासून, बाकी तुमचा गेम आपोआप सेव्ह झालेला असतो. १९९६ ला सेव्ह करायलाही बोनस फेरी पार करायला लागायची किंवा हिरा मिळवायला लागायचा, तेव्हा जीवाला किंमत होती. आता अवघड लेव्हलला बसायच्या आधी सोप्या एकदोन लेव्हल फिरून या, वीसपंचवीस जीव सहज जमतात, आणि मग बिनधास्त मरा. भीत भीत मारलेली उडी नेहमी आखूड जाते हे लिहून ठेवा.

खूपदा मेलात तर गेम स्वतःहून एक अकू अकू मुखवटा देतो, म्हणजे एक फटका फुकट. मूळ गेममध्येच नॉटी डॉगने ही दयामाया घालून ठेवली होती, खेळणारा सारखा मरतोय दिसलं की गुपचूप मदत. ती मिळाली की काहीजण चिडून रीस्टार्ट करतात. करू नका, अहंकार दुसरीकडे दाखवा.

कुठून सुरुवात करावी

ही चूक कुणी चूक म्हणत नाही पण मी म्हणतो. ट्रिलॉजी आहे म्हणून लोक पहिल्या भागापासून सुरू करतात, आणि पहिला भाग तिघांमध्ये सगळ्यात अवघड. कमी हालचाली, जास्त दऱ्या, आणि बदललेल्या उडीचा सगळ्यात जास्त त्रास इथेच. कधीच क्रॅश खेळला नसाल तर दुसऱ्या भागापासून सुरू करा. तिथे घसरणं आहे, घसरता घसरता उडी मारली तर ती लांब जाते आणि खड्डे माफक वाटतात, बर्फ, जंगल, नदी असं छान फिरवतात. कथेचं म्हणाल तर एक वेडा शास्त्रज्ञ जग जिंकायला निघालाय आणि घुशीने त्याला हाणायचं, मधूनही समजतं. तिसरा भाग सगळ्यात रंगीत, पण त्यात मोटारसायकल, विमान, पाण्यावरची स्कूटर अशी भरती आहे, आणि मोटारसायकल नव्यात लोण्यावरून चालल्यासारखी चालते. शर्यतीत पहिलं आल्याशिवाय पुढे जायला लागणारं स्फटिक मिळत नाही, तेव्हा वळणाच्या आधीच आतल्या बाजूला धरा आणि रस्त्यावरच्या वेगवाढीच्या पट्ट्या एकही सोडू नका. बाकी त्या लेव्हलबद्दल चांगलं काही लिहिण्यासारखं नाही.

तरी मी हा गेम का ठेवलाय? कारण लेव्हल पाचदहा मिनिटांच्या आहेत, कामावरून आल्यावर चहा गाळेपर्यंत एक होते. कारण दिसायला अजूनही देखणा आहे, पावसात किल्ला चढताना क्रॅशच्या अंगावरचे केस बघा. कारण मोठ्या मोकळ्या जगात हरवून नकाशे बघत बसावं लागत नाही, समोर वाट आहे, चाला. आणि तिन्ही भागांत घड्याळ लावून खेळायची सोय केलीय, जी आधी फक्त तिसऱ्यात होती, आणि तिथे तर कडेवरून घसरणाऱ्या क्रॅशला शिव्या द्यायलाही वेळ नसतो. बहुतेक लेव्हलमध्ये त्याची बहीण कोको घेऊनही खेळता येतं, भाची आली की ती तिलाच घेते.

भाच्याने सुट्टी संपायच्या आदल्या रात्री हाय रोड पार केला. फळ्यांवरून, दोरावरून नाही. "दोर तुझ्यासाठी ठेवलाय मामा," म्हणाला. स्टॉर्मी असेंट अजून उघडलेलं नाही दोघांनीही, ते मे महिन्यात, त्याची परीक्षा झाली की.